अ‍ॅम्ब्युलन्सला वाट द्या, ताफ्याला नको

तुमचा इंटर्नशिपचा व्हिडीओ इंटरव्ह्यू ऐन रंगात आलाय आणि शेजारच्या रूममधला मित्र त्याच हॉस्टेल वाय-फायवर पन्नास जीबीचा गेम उतरवतोय. तुमचा आवाज तुटतो, ‘हॅलो, ऐकू येतंय का?’ सुरू होतं आणि आपण नेट कंपनीच्या नावानं बोटं मोडतो. पण बऱ्याचदा स्पीड पुरेसा असतो, रांग चुकीची लागलेली असते.

नेटवरची प्रत्येक गोष्ट छोट्या पॅकेट्समध्ये जाते. बोलण्याचं पॅकेट एक सेकंद उशिरा आलं तर ते फेकून देण्याच्याच लायकीचं. गेमचं पॅकेट दहा सेकंदांनी आलं तरी कुणाचं काही बिघडत नाही. म्हणूनच पॅकेटच्या हेडरमध्ये त्याचा वर्ग सांगायला सहा बिटांची जागा ठेवलीय. त्यात ६४ वेगवेगळ्या खुणा बसतात. आवाजासाठी साधारणपणे ४६ नंबरची वापरतात. राउटरनं खूण बघायची आणि पॅकेटला योग्य रांगेत लावायचं. अर्थात ती खूण मानायची की नाही, हे ज्याचं नेटवर्क त्याच्या हातात!

खरी गोम इथेच आहे. ‘सगळ्या पॅकेट्सना सारखंच वागवा’ ही घोषणा ऐकायला भारी वाटते, पण मला ती पटत नाही. अ‍ॅम्ब्युलन्सला वाट दिली म्हणून कुणी कुरकुरत नाही. मंत्र्यांच्या ताफ्यासाठी चौक अडवला की मात्र डोकं फिरतं. व्हिडीओ कॉल, मग तो कुठल्याही अ‍ॅपवरचा असो, पुढे सोडला तर ती अ‍ॅम्ब्युलन्स. एकाच कंपनीचं अ‍ॅप पुढे सोडलं तर तो ताफा. ८ फेब्रुवारी २०१६ ला ‘ट्राय’नं कंटेंट बघून डेटाचे वेगवेगळे दर लावायला बंदी केली आणि ‘फ्री बेसिक्स’ला गाशा गुंडाळावा लागला, तो याच ताफ्याविरुद्धचा निर्णय होता. २०१८ मध्ये सरकारनं नेट न्यूट्रॅलिटीची तत्त्वं मान्य केली, तीही ‘वाजवी’ ट्रॅफिक मॅनेजमेंटला मुभा ठेवून. आता हे वाजवी कुणी ठरवायचं? ज्याचा वेग कापला जातो, त्याला निदान कळायला तरी हवं ना?

वेग कापायची युक्ती तशी साधी आहे. एक बादली समजा. तिच्यात ठरलेल्या गतीनं टोकन पडत राहतात. टोकन असेल तर पॅकेट पुढे जातं. बादली रिकामी झाली, की पॅकेट थांबवून ठेवायचं किंवा सरळ टाकून द्यायचं. दिवसाचा डेटा संपला, की मोबाइल कंपनी याच टोकनांची धार बारीक करते. पुष्कळ प्लॅनमध्ये ती ६४ केबीपीएसवर येते. जुन्या डिजिटल टेलिफोनवर एका कॉलला एवढी जागा लागायची! या वेगानं पाच एमबीची नोट्सची पीडीएफ उतरायला दहा मिनिटं लागतात, तीही मध्येच तुटली नाही तर. आणि जाहिरातीत शब्द कुठला? ‘अनलिमिटेड’. तारेच्या ब्रॉडबँडचा वेग ५१२ केबीपीएसच्या खाली न्यायचा नाही, असं ‘ट्राय’नं २०१६ मध्येच बजावलं. २०२३ पासून तर सरकारी व्याख्येतच २ एमबीपीएसपेक्षा कमी ते ब्रॉडबँड नाही. मोबाइलवर मात्र ६४ अजून बिनदिक्कत चालतं.

सगळं उघडपणे सांगून केलं तर लोक समजूनही घेतात. २०२० च्या मार्चमध्ये, लॉकडाउनच्या तोंडावर, स्ट्रीमिंग कंपन्यांनी मोबाइलवरचा व्हिडीओ ४८० पीवर आणला. कारण जाहीर केलं होतं, मुदतही सांगितली होती. लोकांनी चालवून घेतलं.

मग आपल्या कॉलेजपासूनच सुरुवात करूया की! मेसचं वेळापत्रक बोर्डावर लागतं, तसे वाय-फायचे नियमही लागू देत. कशाला प्राधान्य आहे, कशाचा वेग किती वाजता किती कापला जातो आणि हे ठरवलं कुणी? बऱ्याच राउटरच्या सेटिंगमध्ये ‘क्यूओएस’ नावाचं एक पान असतं. परीक्षेच्या आठवड्यात तिथे काय भरलंय, एवढं तरी कॉलेजच्या सिस्टिम अ‍ॅडमिनला जाऊन विचारा.