क्रेनवरचा माल कामगारांची संख्या पाहून पडत नाही

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. चर्चा झाली ती पगार, पीएफ आणि ग्रॅच्युइटीची. आपल्या वस्त्यांतली जी मुले दहावीनंतर फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये हेल्पर म्हणून लागतात, त्यांच्या डोक्यावरून फिरणाऱ्या क्रेनबद्दल मात्र फारसे कोणी बोलले नाही.

१९४८ च्या कारखाना कायद्यात विजेवर काम चालते तिथे १० कामगार असले की तो कारखाना ठरायचा. नव्या सुरक्षा संहितेत हा आकडा २० झाला. म्हणजे बारा-पंधरा जणांची शेड आता ‘कारखाना’ राहत नाही. पण म्हणून मालक मोकळा सुटला असे नाही. त्याच संहितेत १० किंवा अधिक कामगारांची जागा ‘आस्थापना’ आहे. तिथे नेमणूकपत्र देणे आणि कामाची जागा सुरक्षित ठेवणे मालकावर बंधनकारक आहे. कामगाराला सुरक्षेची माहिती मागता येते. जिवाला धोका दिसला तर मालकाला आणि सोबतच सरकारी निरीक्षकालाही कळवता येते. हा हक्क आपल्या किती घरांत माहीत आहे?

आता क्रेनकडे पाहू. २० मिलिमीटर जाडीची, दीड मीटर रुंद आणि सहा मीटर लांब लोखंडी प्लेट सुमारे १४०० किलो भरते. हे लांबी, रुंदी, जाडी आणि घनतेचे शाळेतलेच गणित आहे, पण शेडमध्ये वजन बहुतेक वेळा अंदाजाने ठरते. दुसरी गोष्ट पट्ट्याची, म्हणजे स्लिंगची. दोन टनांचा माल दोन पट्ट्यांवर उचलला तर प्रत्येकावर एक टन येईल असे वाटते. पट्टे सरळ उभे असतील तरच ते खरे. ते पसरून जमिनीशी ३० अंशांचा कोन झाला, तर प्रत्येक पट्ट्यावर पूर्ण दोन टनांचा ताण येतो. मग पट्टा तुटला की आपण म्हणतो, ‘माल खराब निघाला.’

बाकीची कारणेही रोजचीच आहेत. हुकाची सेफ्टी लॅच तुटलेली, वायर रोपच्या तारा निघालेल्या, लिमिट स्विच बंद करून ठेवलेला. माल सरळ न उचलता तिरपा ओढायचा, मग तो झोका घेतो. दोघे-तिघे एकदम इशारे करतात. जेवणाला किंवा जुम्याच्या नमाजला जाताना माल तसाच लटकत राहतो. आणि सगळ्यात वाईट म्हणजे लटकत्या मालाखालून जाणे.

अपघात झाला की मय्यतीच्या घरी एकच वाक्य ऐकू येते, ‘अल्लाहची मर्जी.’ तकदीरवर आपला ईमान आहेच. पण आधी उंट बांधून मग तवक्कुल करण्याची शिकवणही आपल्याच नबी (स.) यांची आहे. तुटकी लॅच न बदलणे हा तवक्कुल नव्हे, ती गफलत आहे.

अनेक शेडचे मालकही आपल्यातलेच आहेत. जुन्या कायद्याच्या कलम २९ मध्ये क्रेन, साखळ्या आणि दोर १२ महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून तपासून घेण्याची आणि किती वजन उचलायचे ते क्रेनवर लिहिण्याची अट होती. शेडमध्ये बारा माणसे असोत की पाच, ही तपासणी करून घ्यावी. कामगाराचा जीव ही मालकाकडे अमानत आहे.

पालकांनी मुलाला कामावर लावताना पगाराबरोबर चार गोष्टी विचाराव्यात. नेमणूकपत्र मिळणार का? क्रेन शेवटची कधी तपासली? क्रेन कोण चालवतो आणि त्याला कोणी शिकवले? ईएसआयमध्ये नाव लागणार का? १० कामगार असलेल्या ठिकाणी २१ हजारांपर्यंत पगार असणाऱ्याला ईएसआय लागू होते आणि कामावर मृत्यू झाल्यास घरच्यांना पेन्शन मिळते. जमले तर मुलाला आधी आयटीआयला पाठवावे. वेल्डरचा कोर्स एका वर्षाचा आहे, फिटरचा दोन वर्षांचा.

मशिदींच्या कमिट्या आणि आपल्या तंजीमा करिअर मार्गदर्शनाची शिबिरे घेतात. त्यात एक तास शेडमधल्या सुरक्षेसाठी ठेवावा आणि मालकांनाही बोलवावे. खर्च जवळपास काहीच नाही, आणि त्यातून एका घरचा कमावता मुलगा वाचू शकतो.