उभी गाडी थरथरते तेव्हा

रत्नागिरी जिल्ह्यातून एका भगिनीचे पत्र आले आहे. शौहर आखातात नोकरीला, घरात सासू-सासरे आणि दोन मुले. दारात सासऱ्यांची जुनी मारुती ८००, कार्बोरेटरवाली. सिग्नलला किंवा फाटकाशी उभी राहिली की थरथरते, कधी बंदही पडते. रस्त्याला लागली की मात्र ठीक चालते. गॅरेजवाला म्हणतो, इंजिन उघडावे लागेल. खर्चाचा आकडा ऐकून सासरे म्हणाले, भंगारात काढू. पण त्यांना दर आठवड्याला दवाखान्यात न्यायला दुसरे वाहन नाही. "खरेच इंजिन गेले आहे का, हे आम्ही कसे ओळखावे?" असा त्यांचा प्रश्न आहे.

उत्तराचा अर्धा भाग पत्रातच आहे. रेस दिल्यावर गाडी नीट चालते, फक्त उभी असताना थरथरते, तर इंजिन उघडण्याची घाई मुळीच करू नये. रिंगा झिजल्या किंवा व्हॉल्व्ह जळाले असते तर चढावर गाडीने मान टाकली असती. बहुतेक वेळा असा दोष कार्बोरेटरच्या स्लो जेटमध्ये, हवेच्या गळतीत, नाहीतर करंटमध्ये सापडतो.

मारुती ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे आणि त्यात सिलिंडर तीनच. स्लो स्पीडला ते मिनिटाला साधारण ८५० ते ९०० फेरे घेते. दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेटतो, म्हणजे ९०० फेऱ्यांना एक सिलिंडर ४५० वेळा. तिघांपैकी एकाने दांडी मारली की ताकदीचा तिसरा हिस्सा गेला. तीन पायांच्या तिपाईचा एक पाय काढल्यासारखे होते ते. वेग वाढला की तो धक्का झाकला जातो, म्हणून रस्त्यावर कळत नाही.

पहिली तपासणी घरच्या घरी होते आणि तिला पैसा लागत नाही. इंजिन चांगले गरम होऊ द्या, मग डॅशबोर्डवरचा चोक हळूहळू अर्धा ओढा. थरथर कमी झाली तर इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त मिळते आहे. उलट ते आणखी गुदमरले, काळा धूर आला, तर पेट्रोल जास्त होते आहे: फ्लोट किंवा सुई-व्हॉल्व्ह बिघडला असेल, एअर फिल्टर तुंबला असेल किंवा चोकच पुरता मागे जात नसेल. काहीच फरक पडला नाही तर करंटकडे वळायचे.

एक गोष्ट आधीच सांगतो. ही सगळी तपासणी उघड्यावर करायची. बंद शेडमध्ये, अगदी शटर अर्धे वर असले तरी, इंजिन चालू ठेवायचे नाही. जास्त पेट्रोल खाणारे इंजिन कार्बन मोनॉक्साइड भरपूर सोडते. त्याला वास नाही, रंग नाही, आणि तो माणूस मारतो. मुलांना गाडीमागे खेळू देऊ नका.

आता हवेची गळती. कार्बोरेटरच्या बुडाशी आणि मॅनिफोल्डच्या जोडावर गॅस्केट असतात, शिवाय बारीक रबरी नळ्या असतात. वय झाले की रबर कडक होऊन चिरते. रबरी नळीचा हातभर तुकडा घ्या, एक टोक कानाशी धरा, दुसरे त्या जोडांवरून फिरवा. पंख्याच्या पट्ट्यापासून ओढणी आणि बाही मात्र दूर ठेवा. 'सूं' असा आवाज आला की जागा सापडली. त्या जागी पाण्याचा हलका फवारा मारला आणि इंजिनाचा सूर बदलला तर खात्री झाली. काही मिस्त्री इथे पेट्रोल शिंपडतात; तापलेल्या इंजिनावर असे कुणालाही करू देऊ नका. गाडीला ब्रेक बूस्टर असेल तर त्याची जाड नळी अवश्य पाहा. ती चिरली तर थरथर होतेच, पण ब्रेकही कडक होतो, आणि म्हाताऱ्या माणसाच्या पायाला ते झेपत नाही.

गळती नाही आणि तरी हवा जास्त, तर स्लो जेट तुंबलेला असतो. त्याचे भोक केसाएवढे. महिनोन्‌महिने उभ्या गाडीतले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट राळ उरते. जेट काढून क्लीनरचा फवारा आणि कॉम्प्रेसरची हवा मारली की काम होते. त्यात तार किंवा टाचणी घालू देऊ नका. पितळ मऊ असते, भोक मोठे होते आणि मग गाडी कायमची पेट्रोल पिते. बऱ्याच कार्बोरेटरवर एक छोटा विजेचा कट-ऑफ व्हॉल्व्ह असतो. चावी फिरवल्यावर त्याचा 'टक' आवाज यायला हवा. तो मेला किंवा वायर निघाली की पाय काढताच इंजिन बंद पडते. वायर बसवायला किती लागतात?

यात आता पेट्रोलचाही वाटा आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. एक किलो पेट्रोल जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. जुना कार्बोरेटर हा हिशेब स्वतः बदलू शकत नाही, त्यामुळे मिश्रण थोडे पातळच पडते. शिवाय इथेनॉल ओलावा धरतो आणि जुन्या रबराला मानवत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात टाकी अर्धी ठेवून गाडी उभी करण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा फिरवलेली बरी.

करंटची तपासणी मिस्त्रीकडूनच करून घ्या, पण उभे राहून पाहा. चालू इंजिनात रबरी मुठीच्या पकडीने एकेका प्लगची वायर क्षणभर काढायची. वायर काढल्यावर इंजिन आणखी डगमगले तर तो सिलिंडर काम करतो. काहीच फरक नाही, तर गुन्हेगार तोच. त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरला लावून पाहायचा. दोष प्लगबरोबर गेला तर नवा प्लग, नाही तर वायर, डेल्कोची कॅप, पॉइंट. त्या वायरीत हजारो व्होल्ट असतात, उघड्या हाताने धरायची नाही. काढलेले प्लगही पाहून घ्या: बिस्किटाचा रंग चांगला, कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक म्हणजे हवा जास्त, तेलकट म्हणजे ऑइल वर येते आहे.

एवढे करूनही एक सिलिंडर मेलेलाच राहिला, तरच इंजिनाचा विषय. त्याआधी टॅपेट तपासून घ्या. टॅपेट अगदी गप्प असणे हे नेहमी चांगले लक्षण नसते, ते आवळलेले असतील तर व्हॉल्व्ह पुरता बसत नाही आणि जळतो. मग कॉम्प्रेशन गेज लावायला सांगा आणि तिन्ही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून मागा. कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन सिलिंडर एकदम कमी असतील तर बहुधा हेड गॅस्केट, आणि त्यासाठी खालचे इंजिन उघडावे लागत नाही. आकडे न दाखवता "इंजिन गेले" म्हणणाऱ्याला नम्रपणे सलाम करून गाडी परत आणावी.

मिश्रणाचा स्क्रू सगळ्यात शेवटी. बहुतेक ठिकाणी तोच आधी फिरवतात आणि खरा दोष झाकून टाकतात. फिरवण्यापूर्वी तो हलक्या हाताने आत किती फेरे जातो ते मोजून लिहून ठेवायला सांगा. नंतर पीयूसी करा. ती चाचणी उभ्या इंजिनावरच होते. भारत स्टेज २ च्या आधीच्या पेट्रोल कारला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. आकडा काठावर असेल तर स्क्रू थोडा आत.

पत्रात गाडीचे साल आणि प्लगचा रंग लिहिलेला नाही. चोक ओढल्यावर काय झाले तेही कळवा.