जॅक पुन्हा का तुटतो

टॅब्लेटचा चार्जिंग जॅक विजेमुळे क्वचित जातो. बहुतेक वेळा तो जोराने मोडतो. दहा इंची टॅब्लेटचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास असते. तो पोटावर, गादीवर किंवा उशीला टेकवून, चार्जिंगला लावलेल्या अवस्थेतच वापरला जातो आणि केबलचे टोक तरफेसारखे जॅकला उचकत राहते. बॅटरी मोठी म्हणून चार्जिंगचे तास जास्त, आणि तास जास्त म्हणून ही उचकाउचकीही जास्त. मायक्रो-यूएसबी आणि टाइप-सी या दोन्ही जॅकचे ठरलेले आयुष्य १०,००० वेळा केबल घालण्या-काढण्याचे आहे. दिवसातून तीनदा केबल लावली तरी ते नऊ वर्षे पुरावे. मात्र हा हिशेब सरळ आत-बाहेर होणाऱ्या केबलचा आहे, तिरक्या ओढीचा नाही. जॅकची दुरुस्ती ही म्हणूनच आधी बांधणीची आणि मग विजेची दुरुस्ती ठरते. हा क्रम उलटला की दुकानातून चार्ज होत गेलेला टॅब्लेट दोन महिन्यांत परत येतो.

सेकंडहँड टॅब्लेटमध्ये आणखी एक अडचण असते. त्यावर आधी कोणाचा हात फिरला आहे, हे आणणाऱ्या ग्राहकालाही ठाऊक नसते. ते टॅब्लेटवरूनच वाचावे लागते. कडेला पत्रीचे ओरखडे, एखादा स्क्रू गायब किंवा भलत्याच लांबीचा, जॅकभोवती फ्लक्सचा तपकिरी थर, पायांवर सोल्डरचे गोळे: या खुणा दिसल्या की बोर्ड एकदा तापलेला आहे असे धरावे. एकदा तापलेल्या पॅडची बोर्डावरची पकड आधीच सैल झालेली असते आणि दुसऱ्यांदा तो सहज उचकटतो. त्यामुळे या खुणांचे फोटो ग्राहकासमोर घेणे, डेटाचा बॅकअप आहे का हे विचारणे आणि टॅब्लेट सुरू होत असेल तर आधीच्या मालकाचे खाते निघाले आहे का हे पाहणे, एवढे दर सांगण्याआधीच व्हायला हवे. अँड्रॉइडच्या ५.१ आवृत्तीपासून आलेल्या कुलपामुळे जुने खाते न काढलेला टॅब्लेट रीसेटनंतर अडून बसतो आणि दोष जॅक बदलणाऱ्यावर येतो.

निदानाची सुरुवात टॅब्लेट न उघडता होते. जॅकच्या तळाशी दाबून बसलेला कापसाचा, धुळीचा थर केबलला पूर्ण आत जाऊ देत नाही. तो लाकडी किंवा प्लास्टिकच्या बारीक काडीने, टॅब्लेट बंद करून काढावा. सुई किंवा टाचणी आतल्या संपर्कपट्ट्या वाकवते. त्यानंतर खात्रीची केबल, खात्रीचा अडॅप्टर आणि मध्ये यूएसबी मीटर. मीटरवर ५ व्होल्ट आहेत आणि प्रवाह शून्य, तर वाट कुठेतरी तुटली आहे किंवा चार्जिंग आयसी प्रवाह घेत नाही. प्रवाह अर्ध्या अँपिअरवरच अडकला असेल तर डेटाच्या दोन ओळींकडे संशयाने पाहावे. साध्या अडॅप्टरमध्ये या दोन ओळी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि त्यावरूनच टॅब्लेट अडॅप्टर ओळखतो. त्यातली एक तुटली की तो समोर संगणकाचा पोर्ट आहे असे समजून ५०० मिलिअँपिअरच्या वर जात नाही. एवढा प्रवाह चालू स्क्रीनच पिऊन टाकते. ‘चार्जिंगचे चिन्ह येते, टक्के वाढत नाहीत’ या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते आणि बॅटरी मात्र विनाकारण बदलली जाते.

प्रवाह सुरू होऊन लगेच खाली येत असेल तर संपर्क सैल किंवा जळका आहे. संपर्कात ०.२ ओहमचा जरी विरोध आला तरी २ अँपिअरला ०.४ व्होल्ट तिथेच गळतात आणि ०.८ वॉट उष्णता टाचणीच्या डोक्याएवढ्या जागेत साठते. व्होल्टेज पडले की चार्जिंग आयसी प्रवाह आपोआप कमी करते. जॅकमधला काळवंडलेला प्लास्टिकचा दांडा आणि गरम लागणारे केबलचे टोक ही त्याचीच खूण. अशा वेळी केबलही बदलावी लागते. नाहीतर जळकी केबल नवा जॅक जाळते.

टाइप-सीच्या निदानात एका शब्दाने घोटाळा होतो. दुकानी बोलीत ‘सीसी’ म्हणजे चार्जिंग कनेक्टर. ‘सीसी बोर्ड’ म्हणजे तो बसवलेला सब-बोर्ड. टाइप-सीच्या मानकात मात्र सीसी या नावाच्या दोन स्वतंत्र पिना आहेत, प्रत्येक बाजूला एक. टॅब्लेटमध्ये त्या प्रत्येकीपासून ग्राउंडला ५.१ किलोओहमचा विरोध असतो, काही वेळा आयसीच्या आतच. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली की अडॅप्टर आधी हा विरोध शोधतो आणि तो दिसल्यावरच ५ व्होल्ट सोडतो. म्हणून टॅब्लेट जुन्या चौकोनी यूएसबीच्या केबलने चार्ज होतो, पण सी-टू-सी केबलवर मीटर शून्य दाखवतो, तेव्हा सीसीची वाट तुटलेली असते. केबल एका बाजूने चालते आणि उलटी केली की चालत नाही, तर एकाच सीसी पिनेचा दोष आहे. काही स्वस्त टॅब्लेटमध्ये हे विरोध मुळातच बसवलेले नसतात. तिथे जॅक बदलून काही साधत नाही. जुन्या पद्धतीची केबल वापरणे किंवा विरोध स्वतंत्र बसवणे हाच इलाज.

उघडताना पहिले काम बॅटरीचे कनेक्टर काढण्याचे. फुगलेली बॅटरी दिसली तर जॅकचे काम तिथेच थांबते आणि आधी बॅटरीचा निर्णय होतो; पत्री लागून पाऊच फाटला तर आग लागू शकते. त्यानंतर मल्टिमीटर डायोड मोडवर, लाल प्रोब ग्राउंडला आणि काळा एकेका ओळीवर. दोन्ही डेटा ओळींचे वाचन जवळजवळ सारखे आले पाहिजे. एकीवर ओपन आले तर प्रिंट तुटली आहे. पाच व्होल्टच्या ओळीवर शॉर्ट आला तर दोष जॅकचा, कपॅसिटरचा, ओव्हीपीचा (जादा व्होल्टेज अडवणाऱ्या भागाचा) की चार्जिंग आयसीचा हे वेगळे करावे लागते. सब-बोर्ड असलेल्या मॉडेलमध्ये मधली फ्लेक्स सोडवली की अर्धे उत्तर मिळते. शॉर्ट मुख्य बोर्डावर राहिला असेल तर नवा सब-बोर्ड बसवणे व्यर्थ आहे.

सब-बोर्डवाल्या टॅब्लेटचे काम स्क्रूंचे आहे. अवघड काम मुख्य बोर्डावरच डकवलेल्या जॅकचे. आयपॅडच्या अनेक लाइटनिंग मॉडेलमध्ये जॅकची फ्लेक्सच मुख्य बोर्डाला सोल्डर केलेली असते. ती सब-बोर्डाच्या दरात घेणे अंगाशी येते. सुटा जॅक घेतानाही मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत केवळ मॉडेलचे नाव सांगून भागत नाही. मायक्रो-यूएसबीत पिना पाचच, पण पायांची जागा, बोर्डात धसणारी खोली आणि तोंडाची लांबी यांचे अनेक प्रकार आहेत. टाइप-सीत ६, १६ आणि २४ पिनांचे जॅक मिळतात. ६ पिनांचा जॅक डेटा नेतच नाही. जुना जॅक शक्यतो अखंड काढून नव्याशेजारी ठेवून जुळवणे आणि पाय बोर्डाच्या भोकांतून आरपार जाणारा जॅक मूळचा असेल तर तसाच घेणे हे सुरक्षित. पाय कापून नुसता वर डकवलेला जॅक पहिल्या ओढीलाच पॅड घेऊन निघतो.

काढण्याच्या वेळी बहुतेक बोर्ड खराब होतात. कारखान्यातील शिसेविरहित सोल्डर सुमारे २१७ अंश सेल्सिअसला वितळते आणि ग्राउंडचा जाड तांब्याचा थर उष्णता ओढून घेत राहतो. वरून हवा मारत राहावे तर आतले प्लास्टिक वितळते आणि पायातले सोल्डर घट्टच राहते. म्हणून आधी ६३-३७ चे शिसेयुक्त सोल्डर पायांत आणि पिनांवर मिसळावे. त्याचा वितळणबिंदू १८३ अंश आहे आणि मिश्रण मूळ सोल्डरच्या आधीच सुटू लागते. शेजारचे प्लास्टिकचे कनेक्टर उष्णतारोधक टेपने झाकावेत, बोर्ड खालून गरम करावा आणि जॅक ओढू नये. सोल्डर पूर्ण वितळले की तो स्वतःच हलतो. जॅक मोडकाच असेल तर कवच कटरने तुकड्यांत कापून एकेक पाय वेगळा काढणे बोर्डाला कमी त्रासाचे असते.

१३८ अंशाला वितळणारे बिस्मथचे सोल्डर काढण्यासाठी सोयीचे असते, पण ते ठिसूळ आहे. नव्या सांध्यात त्याचा अंश राहिला तर सांधा दिसायला चकचकीत राहतो आणि ओढीला तडकतो. शिशाबरोबर मिसळल्यास त्याचा वितळणबिंदू १०० अंशांच्याही खाली जाऊ शकतो. ते वापरले तर विकने प्रत्येक पॅड आणि प्रत्येक भोक कोरडे होईपर्यंत पुसून काढल्याशिवाय जॅक बसवू नये.

पॅड उचकटला असेल तर जंपरचा मार्ग राहतो. डेटा आणि सीसीच्या ओळींना ०.१ मिलिमीटरची एनॅमल तार चालते. पाच व्होल्टच्या ओळीला ती चालत नाही. एवढी बारीक तार दोन-अडीच अँपिअरला वितळण्याच्या सीमेवर येते. तिथे जाड तार किंवा तांब्याची पट्टी घालावी. जंपर मास्कने झाकून पक्का करावा. जोर पेलण्याचे काम मात्र जंपरकडून किंवा सिग्नलच्या पिनांकडून कधीच अपेक्षित नसते. ते कवचाच्या पायांचे काम आहे. नवा जॅक आधी बोर्डाला समतल बसवून पाय भरावेत आणि भोकात सोल्डर दुसऱ्या बाजूपर्यंत उतरले आहे का हे पाहावे. मग पिना. ग्राउंडचे पॅडच गेले असतील तर कवचाच्या कडेला थोडे इपॉक्सी लावता येते. सुपरग्लू टाळावा, त्याची वाफ आणि पातळ ओघ संपर्कपट्ट्यांवर बसतो.

लेन्सखाली तपासताना टाइप-सीत एक जागा खास पाहावी. सीसीची पिन पुरवठ्याच्या पिनेला लागूनच असते आणि पिनांमधले अंतर अर्धा मिलिमीटर. तिथे सोल्डरचा पूल राहिला आणि ग्राहकाने जलद चार्जर लावला, तर वाढीव व्होल्टेज थेट सीसीत जाऊन नियंत्रक आयसी मारू शकते. फ्लक्स आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, वाळवून, डायोड मोडचे वाचन पुन्हा घेतल्यावरच बॅटरी जोडावी.

बांधणीचा शेवटचा भाग टॅब्लेटच्या अंगाचा आहे. जॅकवरचा बराच जोर मुळात चौकटीने आणि बोर्डाच्या स्क्रूंनी पेलायचा असतो. आधीच्या हाताने दोन स्क्रू गाळले असतील किंवा जॅकजवळची चौकट तडकली असेल, तर बोर्ड आत डुलतो आणि उत्तम सोल्डरिंगही थकते. स्क्रू पूर्ण करणे आणि चौकट सांधणे हा दुरुस्तीचाच भाग आहे आणि तो दरात धरला पाहिजे.

चाचणी चिन्ह दिसण्यावर संपत नाही. स्क्रीन बंद ठेवून अर्धा तास मीटरवर प्रवाह पाहावा, केबल हलकेच चारही दिशांना हलवावी, टाइप-सीची केबल उलटी करून पाहावी, संगणकाला जोडून डेटा जातो का हे तपासावे आणि जॅकचे तापमान बोटाने अजमावावे. महिनोन्‌महिने कपाटात पडलेला टॅब्लेट कदाचित अर्धा तास काहीच दाखवणार नाही. सेल ३ व्होल्टच्या खाली गेलेला असेल तर आयसी आधी अगदी थोड्या प्रवाहाने त्याला वर आणते. संरक्षण सर्किटने पूर्ण तोडलेली, शून्य व्होल्ट दाखवणारी जुनी बॅटरी बाहेरून जोर लावून जागी करू नये. ती बदलावी आणि जुनी कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलकाकडे द्यावी.

पावतीवर ‘जॅक बदलला’ एवढेच लिहिणे अपुरे आहे. कोणते पॅड जंपरवर आहेत, आधीच्या दुरुस्तीच्या कोणत्या खुणा सापडल्या, चाचणीत किती अँपिअर मिळाले आणि चौकट कोणत्या अवस्थेत आहे, या चार नोंदी ग्राहकाला द्याव्यात आणि दुकानातही ठेवाव्यात. सेकंडहँड टॅब्लेट पुन्हा विकला जाण्याची शक्यता मोठी असते, आणि पुढच्या वेळी तो उघडणाऱ्याला सुरुवात खुणांच्या अंदाजावरून नव्हे तर या नोंदींवरून करता येते.