सेतूचा पाया विश्वासाचाच!

२ एप्रिल २०२० रोजी 'आरोग्य सेतू' हे ॲप देशासमोर आले. टाळेबंदीला नऊ दिवस झाले होते, रस्ते ओस पडले होते आणि या रोगाचे नेमके स्वरूप काय हे जगातील एकाही तज्ज्ञाला छातीठोकपणे सांगता येत नव्हते. अशा वेळी अवघ्या तेरा दिवसांत पाच कोटी भारतीयांनी हे ॲप आपल्या भ्रमणध्वनीवर उतरवून घेतले. १४ एप्रिलच्या भाषणात पंतप्रधानांनी देशवासीयांकडे ज्या सात गोष्टींसाठी साथ मागितली, त्यांत या ॲपचाही समावेश होता. मेच्या मध्यापर्यंत वापरकर्त्यांचा आकडा दहा कोटींच्या घरात गेला. समाजावर संकट आले तर आपणही आपला खारीचा वाटा उचलला पाहिजे, या उपजत समाजबुद्धीने सामान्य माणसाने हे केले. पहिल्या पाच कोटींसाठी ना पोलीस लागला, ना दंडाची धमकी.

ही घटना शासनाच्या दृष्टीने मोठी ठेव होती. प्रश्न असा आहे की, त्या ठेवीचे नोकरशाहीने काय केले?

१ मे २०२० रोजी केंद्रीय गृहमंत्रालयाचा आदेश निघाला. सरकारी आणि खासगी अशा सर्व कर्मचाऱ्यांना हे ॲप सक्तीचे करण्यात आले आणि शंभर टक्के कर्मचाऱ्यांकडे ते असल्याची जबाबदारी संस्थाप्रमुखांच्या गळ्यात बांधण्यात आली. प्रतिबंधित क्षेत्रांतील रहिवाशांनाही तोच नियम. नोएडाचे पोलीस तर एक पाऊल पुढे गेले. ॲप नसलेल्यावर भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली कारवाई होऊ शकते, असे त्यांनी जाहीर केले. काल जे कर्तव्य म्हणून आनंदाने केले, ते आज पोलिसाच्या धाकाने करायचे! स्वेच्छेने पुढे आलेल्या स्वयंसेवकाच्या दंडाला धरून त्याला रांगेत उभे करावे, तसाच हा प्रकार होता.

या सक्तीला कायद्याचा आधार कोणता, असा प्रश्न निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी त्याच वेळी विचारला. ज्यांच्या समितीने २०१८ मध्ये माहिती संरक्षण कायद्याचा मसुदा तयार केला, त्यांनीच ही सक्ती बेकायदेशीर ठरवावी, याला महत्त्व आहे. १७ मेच्या आदेशात 'सक्ती'ची भाषा मागे घेऊन 'शक्य तितके प्रयत्न करावेत' अशी मवाळ भाषा आली. मधल्या सोळा दिवसांत मात्र जे नुकसान व्हायचे ते होऊन गेले होते.

टीकाकारांचा दुटप्पीपणा

या नुकसानाचा लाभ कोणी उठवला, हेही पाहिले पाहिजे. ॲप आल्यापासूनच एका वर्गाने 'पाळत, पाळत' असा घोष सुरू केला होता. राहुल गांधी यांनी २ मे रोजी हे ॲप म्हणजे पाळत ठेवणारी यंत्रणा असल्याचा आरोप केला. या कंठशोषात सामील झालेल्या किती जणांनी आपल्या भ्रमणध्वनीवरील परदेशी कंपन्यांच्या सेवांना आपला ठावठिकाणा, आपली छायाचित्रे आणि आपल्या परिचितांची यादी न वाचताच बहाल केली होती? नकाशा पाहण्यासाठी, जेवण मागवण्यासाठी, चेहरा म्हातारा कसा दिसेल ते पाहण्यासाठी चालणारी देवाणघेवाण शेजाऱ्याचा जीव वाचवण्यासाठीच तेवढी निषिद्ध कशी?

तरीही प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कंपनी आणि शासन यांत फरक आहे. कंपनी फार तर जाहिरात दाखवेल. शासन माणसाला घरात कोंडू शकते, रेल्वेत चढू देणे नाकारू शकते, गुन्हा दाखल करू शकते. म्हणूनच शासनाने माहिती मागताना अधिक काटेकोर असावे लागते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने हेच सांगितले होते. खासगीपणावर मर्यादा घालता येते, पण तिच्यामागे कायदा हवा, योग्य हेतू हवा आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. आरोग्य सेतूचा हेतू निर्विवाद होता, कायदा मात्र नव्हता. ११ मे २०२० रोजी माहितीच्या वापराविषयी जी नियमावली काढण्यात आली, तिच्यात माहिती १८० दिवसांहून अधिक न ठेवण्याचे बंधन होते. ही चांगली गोष्ट. पण कार्यकारी आदेशाने घातलेले बंधन कार्यकारी आदेशाने सोडवताही येते. २६ मे रोजी ॲपची संगणकीय संहिता खुली करण्यात आली, तीही टीकेचे मोहोळ उठल्यानंतर. तीच पहिल्या आठवड्यात खुली केली असती तर?

कहर झाला तो ऑक्टोबर २०२० मध्ये. हे ॲप कोणी तयार केले, या माहिती अधिकारातील साध्या प्रश्नावर 'माहिती उपलब्ध नाही' असे उत्तर मिळाले आणि केंद्रीय माहिती आयोगाला राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्रावर कारणे दाखवा नोटीस बजावावी लागली. उद्योग आणि शिक्षण क्षेत्रांतील स्वयंसेवकांच्या साहाय्याने या केंद्रानेच ॲप तयार केले, असा खुलासा मग सरकारने केला. ज्या कामाची अभिमानाने नोंद ठेवायची, त्याचा कर्ताच सांगता येऊ नये? विरोधकांच्या हाती याहून चांगले कोलीत कोणी दिले असते? त्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने, ॲप नाही म्हणून कोणालाही सेवा नाकारता येणार नाही, असे बजावले.

अंकगणित काय सांगते?

सक्तीचे समर्थन करणारे म्हणतील की, सर्वांनी वापरल्याशिवाय असे ॲप उपयोगी पडत नाही. हा युक्तिवाद तपासून पाहू. दोन माणसांच्या भेटीची नोंद व्हायची तर दोघांकडेही ॲप हवे. वीस टक्के लोकांकडे ते असेल तर शंभरातील चार भेटींचीच नोंद होते. साठ टक्क्यांकडे असेल तर छत्तीस. सुमारे १३५ कोटींच्या देशात दहा कोटी वापरकर्ते म्हणजे साडेसात टक्केही नव्हेत. या हिशेबाने हजारातील जेमतेम पाच-सहा भेटी नोंदल्या जाणार. शहरात थोड्या अधिक, खेड्यात त्याहूनही कमी. ज्या देशात कोट्यवधी लोकांकडे स्मार्टफोनच नव्हता, तेथे कार्यालयातल्या कारकुनावर सक्ती करून हे गणित कितीसे बदलणार होते? साध्या फोनसाठी १९२१ हा क्रमांक सुरू करावा लागला, तो याच कारणाने.

आपल्याकडे साथीचा माग खऱ्या अर्थाने काढला तो आशा सेविकांनी आणि पालिकांच्या आरोग्य कर्मचाऱ्यांनी. धारावीच्या गल्ल्यांत घरोघरी जाऊन ताप आणि प्राणवायूची पातळी मोजणाऱ्यांनी जे केले, त्याची दखल जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२० मध्ये घेतली. लोकांनी त्यांना दार उघडले, कारण दारात उभी असलेली बाई ओळखीची होती. ॲपला हीच ओळख कमवावी लागते.

जगाचा अनुभव

सिंगापूरचे उदाहरण बोलके आहे. २० मार्च २०२० रोजी तेथे 'ट्रेसटुगेदर' सुरू झाले. ही माहिती केवळ साथीसाठीच वापरली जाईल, असे आश्वासन देण्यात आले. जानेवारी २०२१ मध्ये तेथील संसदेत उघड झाले की, गुन्ह्याच्या तपासासाठी पोलीस ती मिळवू शकतात. शिस्तीसाठी प्रसिद्ध असलेल्या त्या समाजातही नाराजी उसळली आणि सरकारला फेब्रुवारीत कायदा करून हा वापर सात प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरता मर्यादित करावा लागला. नॉर्वेने एप्रिल २०२० मध्ये आणलेले ॲप तेथील माहिती संरक्षण प्राधिकरणाच्या आक्षेपामुळे दोन महिन्यांतच थांबवले. ऑस्ट्रेलियाने मे २०२० मध्येच कायदा केला आणि ॲपची सक्ती करणे हाच गुन्हा ठरवला. पण ते ॲप तांत्रिकदृष्ट्या लंगडे निघाले. दोन कोटी डॉलरहून अधिक खर्च करून, अन्य मार्गांनी न सापडलेले केवळ सतरा निकटसंपर्क त्याने शोधले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये ते बंद झाले. कायदा चांगला असूनही काम करणारे यंत्र लागतेच, हा त्यातला धडा.

याउलट इंग्लंड आणि वेल्समध्ये सप्टेंबर २०२० मध्ये आलेले ॲप पूर्णतः ऐच्छिक होते आणि वापरकर्त्याचे नावही विचारत नव्हते. सुमारे २८ टक्के लोकांनी ते नियमित वापरले. वापरकर्त्यांत एक टक्क्याची वाढ झाली की रुग्णसंख्या ०.८ ते २.३ टक्क्यांनी घटते, असा अंदाज २०२१ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडला गेला. सक्तीविना यश मिळते, याचा हा पुरावा आहे.

मात्र याच ॲपमागील दुसरे सत्य स्वाभिमानी राष्ट्राला अस्वस्थ करणारे आहे. ब्रिटनने आधी स्वतःच्या रचनेचे ॲप केले होते. ॲपल आणि गुगल यांच्या रचनेपुढे मान तुकवून जून २०२० मध्ये ते सोडून द्यावे लागले. फ्रान्सच्या सरकारने ॲपलला जाहीर विनंती करूनही उपयोग झाला नाही. निवडून आलेल्या सरकारांनी आपल्या नागरिकांचे रक्षण कसे करावे, याच्या अटी कॅलिफोर्नियातील दोन कंपन्यांनी ठरवल्या! भारताने स्वतःची रचना उभी केली, हे त्या दृष्टीने मोलाचे होते. पण 'स्वदेशी' या शब्दाबरोबर जबाबदारी येते. स्वदेशी यंत्रणा परक्या कंपनीपेक्षा अधिक पारदर्शक असेल, तरच नागरिक तिला आपली म्हणेल.

पुण्याचा विसर नको

महाराष्ट्राला हा धडा जगाकडून शिकण्याची गरज नव्हती. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या गोऱ्या सोजिरांनी पुण्यात घरे धुंडाळली. देवघर आणि माजघर यांचा विधिनिषेध राहिला नाही. परिणाम काय झाला? लोक रुग्ण लपवू लागले. ज्या उपायांनी रोग आटोक्यात यायचा, त्यांचाच लोकांनी धसका घेतला. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीत जे घडले, ते त्या संतापाचे टोक होते. त्याच साथीत लोकमान्य पुणे सोडून गेले नाहीत. प्रतिबंधक उपायांना त्यांचा विरोध नव्हता, जुलमाला होता. म्हणून त्यांनी हिंदू प्लेग रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. सावित्रीबाई फुले यांनी रुग्णांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. उपाय तोच, रोग तोच. हात कोणाचा, एवढाच फरक होता.

त्या वर्षी इंग्रजांनी केलेला साथरोग कायदा अवघ्या चार कलमांचा होता. २०२० मध्ये देशाने साथीशी लढा दिला, तो याच कायद्याचा आणि २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा आधार घेऊन. विधी आयोगानेही फेब्रुवारी २०२४ च्या २८६व्या अहवालात या जुन्या कायद्यातील उणिवांवर बोट ठेवले आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने साथीच्या काळात आरोग्यसेवेसाठी संमतीशिवाय माहिती वापरण्याची मुभा दिली आहे. पण माग काढणाऱ्या ॲपची मुदत, त्याचे लेखापरीक्षण, त्याची सक्ती, यांविषयी स्वतंत्र तरतूद त्यात नाही.

आरोग्य सेतूतील माग काढण्याची सुविधा बंद करण्यात आली असून जमा झालेली माहिती नष्ट केली आहे, असे सरकारने फेब्रुवारी २०२३ मध्ये लोकसभेत सांगितले. शब्द पाळला गेला, याचे स्वागतच आहे. पण पुढची साथ दारात येईल तेव्हा शब्दावर विसंबून चालणार नाही. ॲप ऐच्छिक राहील, संहिता पहिल्या दिवसापासून खुली असेल, माहिती पोलिसांच्या हाती जाणार नाही, ठरल्या दिवशी ती नष्ट होईल आणि किती जीव वाचले याचा हिशेब संसदेपुढे मांडला जाईल, एवढ्या पाच गोष्टी कायद्यात लिहा. साथ नसताना लिहा, कारण साथ आल्यावर लिहिले जातात ते आदेश.

या देशातील माणूस संकटात हात आखडता घेत नाही, हे २०२० च्या एप्रिलने दाखवून दिले. त्याच्या दंडाला धरून ओढण्याची गरज नाही. त्याला विश्वासाने हाक मारली की तो येतो. त्या विश्वासाला तडा न जाऊ देणे हे राज्यकर्त्यांचे आणि त्यांच्या नोकरशाहीचे काम आहे. ते त्यांनी करावे!