चूक विचारली, तर खरी सांगा



परभणी, सेलू, जिंतूर, मानवत येथील आपल्या घरांतील मुले-मुली औषधनिर्माणशास्त्राची पदवी घेऊन वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत मुलाखतीस जातात. विषयाची तयारी चांगली असते. परंतु ‘आपल्या हातून झालेली एखादी चूक सांगा’ असा प्रश्न येताच ती अडखळतात. कोणी चूक नाकारतो, तर कोणी पाठ केलेली गोष्ट सांगतो. दोन उपप्रश्नांत ती गोष्ट उघडी पडते.

या प्रश्नाला औषध उद्योगात विशेष महत्त्व आहे. तेथे चुकीची नोंद खोडून वा पांढऱ्या शाईने झाकून चालत नाही. तिच्यावर एकच रेघ मारावी लागते. मूळ आकडा वाचता आला पाहिजे आणि शेजारी दुरुस्ती, सही व तारीख हवी. २०१३ साली वाळूज येथील वोक्हार्टच्या कारखान्यावर अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आयातबंदी घातली. तेथील तपासणीत मूळ नोंदी फाडून टाकलेल्या आढळल्या होत्या. म्हणूनच मुलाखत घेणारा उमेदवार चूक लपवतो की कळवतो, हे पाहत असतो.

उत्तराचे चार टप्पे असावेत : प्रसंग काय होता, जबाबदारी कोणती होती, आपण काय केले आणि त्यातून काय निष्पन्न झाले. अनुभव नाही, असे आपल्या मुलांनी म्हणू नये. घरचे दुकान हाही अनुभवच आहे. उदाहरणार्थ : ‘सुट्टीत मी घरच्या औषध दुकानात माल लावत असे. नवा माल पुढे ठेवल्याने मागील सहा बाटल्यांची मुदत उलटली. लक्षात येताच मी त्या वेगळ्या काढून वडिलांना सांगितले. त्यानंतर ज्याची मुदत आधी संपते तो माल पुढे ठेवू लागलो आणि दरमहा तपासणी सुरू केली.’ येथे ‘आम्ही’ऐवजी ‘मी’ म्हणावे. मात्र दुसऱ्याचे श्रेय घेऊ नये, तेही अचौर्यव्रतातच येते.

कारखान्यात दोष आढळला की आधी तो दुरुस्त करावा लागतो आणि मग तो पुन्हा घडू नये यासाठी उपाय योजावा लागतो. आपल्या षडावश्यकांत झालेल्या दोषांसाठी प्रतिक्रमण आहे आणि पुढील दोष टाळण्यासाठी प्रत्याख्यान. ज्या घरात मुलांना ही सवय लावली जाते, त्या घरातील मुलाला हा प्रश्न अनोळखी वाटण्याचे कारण नाही.

मुलाखतीपूर्वी आठवडाभर रोज एक खरा प्रसंग वहीत लिहावा आणि घरातील वडीलधाऱ्यांसमोर दोन मिनिटांत सांगावा. त्यांनी ‘मग पुढे काय केलेस?’ असे विचारावे. पालकांनाही एक विनंती : मुलाने चूक सांगितली की लगेच रागावू नये. घरात खरे बोलण्याची भीती वाटली, तर परक्या टेबलासमोर ते धैर्य कोठून येणार?