सफारीत मोबाइल बंद : मग वाघाचा फोटो काढायला कोणता छोटा कॅमेरा घ्यायचा?

व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटन विभागात मोबाइल वापरू देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं १७ नोव्हेंबर २०२५ रोजी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या प्रकरणात दिला. ताडोबाच्या गाभा क्षेत्रातल्या सफारीत मोबाइल नेण्यावर २०१८ मध्येच बंदी आली होती. आता हा नियम देशभर लागू होतो आहे.

याचा सगळ्यात मोठा फटका बसतो तो ज्यांच्याकडे मोबाइल हाच एकमेव कॅमेरा आहे त्यांना. महिनोन्‌महिने आधी बुकिंग करायचं, नागपूर किंवा चंद्रपूर गाठायचं, पहाटे उठून गेटवर रांग लावायची आणि समोर वाघ आल्यावर हात रिकामे! म्हणूनच सफारीला निघालेल्यांच्या ग्रुपवर 'एखादा छोटा, चांगला कॅमेरा सुचवा' हा प्रश्न हमखास दिसतो. उत्तरादाखल मॉडेलची नावं धडाधड येतात. पण त्याआधी एक साधा हिशेब मांडावा लागतो, तो क्वचितच कुणी मांडतं.

बंदी का आली?

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगाव परिसरात एफ-२ नावाची वाघीण आणि तिचे पाच बछडे रस्त्यावर होते. सफारीच्या गाड्यांनी त्यांना दोन्ही बाजूंनी अडवलं. त्याचे व्हिडिओ व्हायरल झाले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, गाईड आणि जिप्सीचालकांवर कारवाई झाली.

मोबाइलमुळे दोन गोष्टी होतात. वाघ दिसला की ठिकाण लगेच दुसऱ्या गाड्यांपर्यंत पोहोचतं आणि दहा मिनिटांत रस्ता भरून जातो. दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. मोबाइलच्या लेन्समध्ये वाघ फार छोटा दिसतो. त्यामुळे 'दादा, गाडी जरा पुढे घ्या ना' ही विनंती सुरू होते, तिचा आग्रह होतो आणि बक्षिसीच्या आशेनं चालकही गाडी पुढे घेतो.

२० मीटरचा हिशेब

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कुठल्याही वन्यप्राण्यापासून गाडी किमान २० मीटर लांब हवी. प्राणी पाहताना दोन गाड्यांमध्ये ५० मीटर अंतर हवं. आता वाघाची खांद्यापर्यंतची उंची साधारण १ मीटर धरू.

मोबाइलचा मुख्य कॅमेरा २४ मिलिमीटरच्या आसपासचा असतो. आडव्या धरलेल्या अशा कॅमेऱ्यात २० मीटरवर सुमारे २० मीटर उंचीचं दृश्य मावतं. म्हणजे वाघ फोटोच्या उंचीच्या विसाव्या भागाएवढा. बाकी सगळं गवत आणि सागाची पानं. महागड्या मोबाइलमधल्या १२० मिलिमीटरच्या टेलिफोटो लेन्सनं वाघ पाव फोटोएवढा होतो. आणि ३०० मिलिमीटरला? दृश्याची उंची १.६ मीटर उरते, वाघ फोटोचा ६० टक्के भाग व्यापतो. आडवा उभा असेल तर अंग जेमतेम मावतं.

थोडक्यात, नियमात सांगितलेल्या अंतरावरून भरगच्च फोटो मिळायला ३०० मिलिमीटर पुरेसं आहे. वाघ ४० मीटरवर पाणवठ्यात बसला असेल तर ६०० लागेल. ग्रुपवर 'किमान ६०० तरी हवीच' असं ठासून सांगणारे भेटतात. पक्ष्यांसाठी ते खरं आहे, वाघासाठी दरवेळी नाही.

मिररलेस म्हणजे काय आणि छोटा म्हणजे किती छोटा?

जुन्या डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला उजेड आरशावरून डोळ्यापर्यंत पोहोचायचा आणि फोटो काढताना तो आरसा 'खटाक' करून वर जायचा. मिररलेसमध्ये आरसाच नाही. सेन्सरवर पडलेलं चित्र थेट छोट्या स्क्रीनवर दिसतं. २००८ मध्ये पॅनासॉनिकनं जी१ हा अशा प्रकारचा पहिला कॅमेरा आणला. आरसा गेल्यानं कॅमेरा बारीक आणि हलका झाला. जंगलासाठी त्याहून मोठा फायदा म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर तो अजिबात आवाज करत नाही. चितळाचा कळप पाच-सात मीटरवर चरत असताना हा फरक लगेच कळतो.

सेन्सर जितका लहान तितकी तीच लेन्स जास्त 'जवळ' दाखवते. एपीएस-सी आकाराच्या सेन्सरवर लेन्सच्या आकड्याला दीडनं (कॅननमध्ये १.६ नं) गुणायचं आणि मायक्रो फोर थर्ड्सवर दोननं. वरच्या हिशेबातले सगळे आकडे असे गुणून आलेले आहेत. म्हणजे एपीएस-सीवर २०० मिलिमीटरची लेन्स ३०० चं काम करते, मायक्रो फोर थर्ड्सवर १५० ची लेन्स तेच करते.

इथेच दुकानात फसगत होते. काउंटरवर हातात दिला जातो तो छोटी किट लेन्स लावलेला कॅमेरा. तळहातावर मावतो, गोंडस दिसतो. पण त्या लेन्सचं दुसरं टोक बहुतेकदा ४५ किंवा ५० मिलिमीटरवर संपतं, म्हणजे मोबाइलच्या टेलिफोटोपेक्षाही कमी! सफारीसाठी कॅमेऱ्याचं वजन नाही, कॅमेरा आणि लांब लेन्स यांचं मिळून वजन पाहायला हवं.

कोणती जोडी कुणासाठी?

निकॉन झेड५०-२ सुमारे ५५० ग्रॅमचा आहे, त्याची ५०-२५० मिलिमीटर लेन्स ४०५ ग्रॅमची. दोन्ही मिळून किलोच्या आत आणि पोहोच ३७५ पर्यंत. २० मीटरच्या हिशेबात ही जोडी चपखल बसते आणि प्राणी-पक्षी ओळखून त्यांच्यावर फोकस धरण्याची सोयही तिच्यात आहे. पहिल्यांदाच कॅमेरा घेणाऱ्या आणि वर्षातून एखादी सफारी करणाऱ्या कुटुंबाला यापुढे जायची गरज पडू नये.

कॅनन आर१० (४२९ ग्रॅम) आणि १००-४०० मिलिमीटर (६३५ ग्रॅम) ही जोडी थेट ६४० पर्यंत नेते. पक्ष्यांची आवड असेल तर मोह पडणारच. पण तिची सुरुवातच १६० पासून होते. वाघ अचानक गाडीजवळून रस्ता ओलांडू लागला की फोटोत फक्त पट्टे येतात. शिवाय या लेन्सला धूळ-पाण्यापासून संरक्षण देणारं सीलिंग नाही.

सोनी ए६७०० (४९३ ग्रॅम) आणि ७०-३५० मिलिमीटर (६२५ ग्रॅम) यांची पोहोच ५२५ पर्यंत जाते. बांबूच्या आडून डोळा शोधून धरण्यात हा कॅमेरा पटाईत आहे, हात थरथरला तर सावरणारं स्टॅबिलायझेशनही कॅमेऱ्यातच आहे. अर्थात किंमतही तशीच.

सर्वांत हलकी जोडी मायक्रो फोर थर्ड्सची. ओएम सिस्टिमचा ओएम-५ ४१४ ग्रॅमचा आणि ७५-३०० मिलिमीटर लेन्स ४२३ ग्रॅमची. साडेआठशे ग्रॅमच्या आत ६०० पर्यंत पोहोच! मात्र ओएम-५ प्राणी ओळखून फोकस करत नाही. गवताच्या पात्यावर फोकस अडकला तर तो स्वतः हलवून डोळ्यावर आणावा लागतो आणि नवख्या माणसाला घाईत हेच जमत नाही. ज्यांना सफारीपेक्षा ट्रेक जास्त करायचे आहेत त्यांनी हा विचारात घ्यावा, त्याचं कारण पुढे आहे.

पहाटेचा उजेड आणि मे महिन्यातली धूळ

हलक्या लांब लेन्सची किंमत उजेडात मोजावी लागते. शेवटच्या टोकाला त्या एफ/६.३, एफ/६.७, कॅननची तर एफ/८ इतक्या अरुंद होतात. सकाळी सहाला सागाच्या सावलीत याचा अर्थ आयएसओ ३२०० किंवा ६४०० वर न्यायचा आणि फोटोत थोडे दाणे येणार हे मान्य करायचं. दाणेदार फोटो नंतर साफ करता येतो, हललेला येत नाही. स्टॅबिलायझेशन हाताची थरथर थांबवतं, चालणारा वाघ थांबवत नाही. त्यामुळे शटर १/५०० सेकंदाच्या आसपास ठेवलेलं बरं.

जिप्सीचं इंजिन चालू असेल तर कुठलंही तंत्रज्ञान फारसं कामाचं नाही. चालकाला इंजिन बंद करायला सांगणं आणि तांदूळ भरलेली छोटी पिशवी गाडीच्या दांड्यावर ठेवून त्यावर लेन्स टेकवणं, हा उपाय फुकटात होतो.

ताडोबात वाघ दिसण्याची शक्यता एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यांवर वाढते आणि तेव्हाच धूळही सर्वांत जास्त असते. उघड्या जिप्सीत लेन्स बदलली की धूळ थेट सेन्सरवर जाते, कारण ती अडवायला आरसा नाही. लांब लेन्स गेटच्या आधीच चढवायची आणि परत बाहेर येईपर्यंत तशीच ठेवायची. मिररलेसची बॅटरी स्क्रीनमुळे लवकर उतरते, म्हणून एक जादा बॅटरी खिशात हवीच.

पावसाळ्यात हाच कॅमेरा गडावर चालेल?

जुलै ते सप्टेंबर ताडोबाचं गाभा क्षेत्र बंद असतं. तेव्हा हाच कॅमेरा लांब लेन्स काढून सह्याद्रीत जातो. ओएम-५ ला आयपी५३ असं मानांकन आहे. त्यातला ५ धुळीसाठी, ३ पाण्यासाठी. या ३ चा अर्थ, वरून आणि सरळ रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरपं येणारं पाणी सोसणं. बऱ्याच मोबाइलवर आयपी६८ लिहिलेलं असतं, म्हणजे ते पाण्यात बुडणंही काही वेळ सोसतात. वेदरसील्ड कॅमेरा म्हणजे वॉटरप्रूफ कॅमेरा नव्हे. नाणेघाटात तर वाऱ्यामुळे धबधब्याचं पाणी खालून वर येतं! त्या कड्यावर कुठलंही आयपी५३ धरून उभं राहणं धाडसाचं आहे. शिवाय मानांकन लागू होतं ते सीलबंद लेन्स लावल्यावरच. ओएम-५ सोबत १२-४५ मिलिमीटरची २५४ ग्रॅमची लेन्स सील केलेली आहे, वर सांगितलेली ७५-३०० नाही.

कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट घरात कॅमेरा बॅगेत बंद राहिला तर लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून तो ठेवावा आणि पुड्या ओलावल्या की बदलाव्यात.

विकत की भाड्यानं?

वरच्या बहुतेक जोड्या नव्या घेतल्या तर लाखाच्या वर जातात. वर्षातून एकच सफारी असेल तर भाड्यानं घेणं शहाणपणाचं. मुंबई, पुणे, नागपूरमध्ये कॅमेरे आणि लेन्स दिवसाच्या हिशेबानं मिळतात, ओळखपत्र आणि अनामत द्यावी लागते. काही प्रकल्पांमध्ये कॅमेऱ्यासाठी किंवा मोठ्या लेन्ससाठी वेगळं शुल्क आहे, ते बुकिंग करतानाच पाहून घ्यावं.

मोबाइल गेले म्हणून गर्दी संपेल का, हा प्रश्न उरतोच. पुढच्या रांगेसाठी चालकावर दबाव आणणारे मोठ्या लेन्सवालेही असतात आणि कॅमेरा बाळगणाऱ्यांची संख्या आता वाढेल. पण ३०० मिलिमीटर हातात असलेल्या माणसाला गाडी पुढे न्यायला सांगण्याचं निदान कारण तरी नसतं.

कॅमेरा सफारीच्या आठवडाभर आधी हातात यायला हवा. गॅलरीतून घारी आणि गल्लीतली कुत्री यांच्यावर सराव केला की फोकसची बटणं बोटांना पाठ होतात. घड्याळही तेव्हाच बरोबर लावून घ्यावं, कारण मोबाइल गेटवर राहिल्यामुळे फोटोत वेळ आणि ठिकाण आपोआप भरणारं कुणी सोबत नसेल.