किहीमच्या वाड्यांना सोलर का नाही?

चोंढी नाक्यावरून किहीमकडे वळलात की नव्या बंगल्यांच्या गच्च्यांवर सोलर पॅनेल दिसायला लागतात. चांगलंच आहे, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. पण तिथून जरा आत जुन्या वाड्यांत शिरा. कौलारू घरं, मागे विहीर, वर माड आणि पोफळी. तिथं पॅनेल क्वचितच दिसेल. यावर एक उत्तर ठरलेलं असतं, "गावच्या लोकांना अजून महत्त्व कळलेलं नाही."

मला हे उत्तर पटत नाही. हा प्रश्न अकलेचा नाही, सावलीचा आहे.

पॅनेलला थेट ऊन लागतं. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट मोकळं छप्पर हवं. शिवाय पॅनेल सहसा माळेसारखी एकमेकांना जोडलेली असतात, त्यामुळे एकावर झावळीची सावली पडली तरी बाकीच्यांची वीजही खाली येते. वरून नारळ पडला तर विचारूच नका. म्हणजे बघा, ज्यानं पिढ्यान्‌पिढ्या वाडी राखली, ज्याच्या झाडांच्या गारव्यासाठी मुंबईचा माणूस बोटीत बसून इकडं येतो, त्याच्या छपरावर ऊन नाही. आणि ज्यानं प्लॉट मोकळा करून स्लॅब टाकला त्याच्या गच्चीवर ऊनच ऊन. असं व्हावं म्हणून कुणी योजना आखली नाही हे मान्य. पण होतं असंच. सालीम अलींनी 1930 मध्ये याच किहीममध्ये राहून सुगरण पक्ष्याचा अभ्यास केला. त्या गावात विजेसाठी झाडं काढायची वेळ कुणावर येऊ नये.

पैशाचा हिशोबही करू. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली. एक किलोवॉटला 30 हजार, दोनला 60 हजार, तीन किंवा त्याहून जास्त असेल तर 78 हजार रुपये अनुदान, आणि देशभरात एक कोटी घरांचं उद्दिष्ट. योजना वाईट नाही. तीन किलोवॉटची यंत्रणा चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास वीज देते. आपल्याकडं जून ते सप्टेंबर त्यातला बराच हिस्सा ढगात जातो, तरी वर्षाचा हिशोब बसतो. कुणाचा बसतो? ज्याच्याकडं एसी आहे, मोठा फ्रीज आहे, स्विमिंग पूलचा पंप आहे त्याचा. ज्या घराचा महिन्याचा वापरच साठ-सत्तर युनिट, त्यानं उरलेल्या रकमेसाठी कर्ज कशाला काढावं? त्याला गणित कळतं म्हणूनच तो गप्प बसलाय.

आता दुसरी गोष्ट. ही विकणारे सहसा आपणहून सांगत नाहीत. नेट मीटरवाली साधी सोलर यंत्रणा लाईट गेली की बंद पडते. होय, डोक्यावर कडकडीत ऊन असलं तरी. कारण साधं आहे. लाईन बंद करून वायरमन पोलवर चढलेला असताना तुमच्या गच्चीवरची वीज उलटी त्या तारेत गेली तर माणूस जाईल. म्हणून इन्व्हर्टर आपोआप थांबतो. तो थांबायलाच हवा. वीज गेल्यावरही घर चालवायचं तर बॅटरी आणि तसा वेगळा इन्व्हर्टर लागतो. सूर्यघरच्या अनुदानात बॅटरी धरलेली नाही.

हे आपल्यासाठी महत्त्वाचं का, ते सांगायला 3 जून 2020 पुरे आहे. निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर चढलं आणि जिल्ह्यात पोलच्या रांगाच्या रांगा आडव्या झाल्या. अनेक गावांत वीज यायला आठवडे लागले. मोबाईल चार्ज करायला जनरेटर शोधत फिरलेली माणसं आपणच. विहिरीत पाणी होतं, पण मोटर बंद. अष्टागरातल्या विहिरींवर रहाट होते तेव्हा वादळानंतर निदान पाणी तरी निघत होतं! पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते आलं. अशा किनाऱ्यावर सोलरकडं फक्त "बिल शून्य" म्हणून बघणं म्हणजे छत्री फक्त उन्हाळ्यात वापरण्यासारखं आहे.

तशी शहराला बिनकोळशाची वीज देणं आपल्या जिल्ह्याला नवं नाही. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र 1915 मध्ये सुरू झालं, भिवपुरीचं 1922 मध्ये, भिरा 1927 मध्ये. तिन्ही आजच्या रायगडात. सह्याद्रीवरचं पाणी खाली सोडायचं, त्यावर वीज करायची आणि मुंबईच्या गिरण्या चालवायच्या. आज जग ज्याला अक्षय ऊर्जा म्हणतं तिच्यावर मुंबई शंभर वर्षांपूर्वीच चालायला लागली होती. त्या विजेसाठी मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या. 1921 पासून सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, तुरुंगात गेले, तरी धरण झालंच. आणि याच रायगडातल्या घारापुरी बेटावर समुद्राखालून केबल टाकून वीज पोचली ती फेब्रुवारी 2018 मध्ये. समोर मुंबईचा झगमगाट आणि बेटावर संध्याकाळचे काही तास जनरेटर, असं ते गाव इतकी वर्षं जगलं. वीज कोळशाची की पाण्याची यानं हा क्रम बदलला नाही. उन्हाची आली म्हणून आपोआप बदलेल, असं समजायचं कारण नाही.

बाहेर मोठे बदल चाललेत, नाही असं नाही. ब्रिटननं सप्टेंबर 2024 मध्ये आपलं शेवटचं कोळशाचं वीजकेंद्र बंद केलं. भारताच्या स्थापित क्षमतेतला निम्मा वाटा 2025 मध्ये बिगर-कोळसा, बिगर-तेल-वायू स्रोतांचा झाला, 2030 चं उद्दिष्ट पाच वर्षं आधी गाठलं. (क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे. आजही बहुतेक युनिट कोळशावरच तयार होतात. बातमीत हा फरक नेहमी गाळला जातो.) पण आपल्याला उपयोगी उदाहरण मला डेन्मार्कच्या साम्सो बेटाचं वाटतं. चारेक हजारांची वस्ती, शेती आणि पर्यटन, म्हणजे साधारण आपल्यासारखंच. 1997 मध्ये तिथं अक्षय ऊर्जेवर जायचं ठरलं आणि दहा वर्षांच्या आसपास ते झालं. जमिनीवर 11 पवनचक्क्या, समुद्रात 10. खरी गोम वाऱ्यात नाही. त्या पवनचक्क्यांत बेटावरच्या शेतकऱ्यांनी आणि रहिवाशांनी स्वतः पैसे घातले, काहींत शेअर घेतले. खिडकीतून दिसणारी पवनचक्की आपली असेल तर तिचा आवाज कमी टोचतो.

आपल्याकडं पवनचक्की नको, ऊन पुरेल. वाडीतल्या घरावर ऊन पडत नसेल तर जिथं पडतं तिथं गावानं मिळून पॅनेल लावावीत. शाळेची इमारत, ग्रामपंचायत, पाण्याच्या टाकीजवळची जागा. एका ठिकाणी तयार झालेली वीज अनेक घरांच्या बिलांत वाटून वजा करण्याची पद्धत आहे. दिल्लीत तिचे नियम 2019 पासून आहेत आणि सूर्यघरच्या मार्गदर्शक सूचनांतही ती धरलेली आहे. म्हणजे झाड न तोडता वाडीवाल्याला वाटा मिळू शकतो. सातारा जिल्ह्यातली मान्याचीवाडी 2024 मध्ये राज्यातलं पहिलं सौरग्राम झाली, तीही सगळं गाव एकत्र आलं म्हणून. तिथं खारा वारा नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा. इथं साध्या लोखंडाचा सांगाडा काही पावसाळ्यांत गंजून खलास होतो. कोटेशनमध्ये गॅल्व्हनाइज्ड लिहिलंय का ते आधी बघा.

आणि बॅटरी मात्र सुरुवातीलाच हवी. सगळ्या गावाला पुरेल एवढी नको. पाण्याचा पंप, दवाखान्यातला औषधांचा फ्रीज आणि शाळेत पन्नास मोबाईल चार्ज होतील एवढी सोय. बंगलेवाल्यांनाही यात घ्या. त्यांच्या रिकाम्या बंगल्यांची राखण वादळातही गावच करतं, तेव्हा सामायिक बॅटरीत त्यांनी हातभार लावावा असं म्हणायला संकोच कसला? काही जण आनंदानं देतील, मला खात्री आहे.

पुढच्या ग्रामसभेत विषय काढायचा असेल तर एक काम आधी करा. गावच्या पाण्याच्या पंपाचं मागच्या बारा महिन्यांचं वीजबिल ग्रामपंचायतीतून मागून घ्या. पंप किती एचपीचा, रोज किती तास चालतो, तेही विचारा. थळपासून मांडव्यापर्यंत ज्या गावाचे आकडे मिळतील त्यांनी खाली कमेंटमध्ये टाका. मी एकत्र करून मांडतो.